थांबविलेले ताट

सुज्ञ वाचकहो, पुढे जे निवेदन करावयाचे आहे ते एका गृहस्थाच्या एका सायंकाळपुरतेच आहे. तोफांचा आवाज त्यात येईल, पण फार दुरून. एका बापाने आपल्या पोराचे ताट कसे थांबविले, आणि पुढे एका बलाढ्य देशाने आपल्या साऱ्या देशाचे ताट थांबविण्याचा धाक घातला तेव्हा त्या बापाच्या अंतःकरणात काय उलथापालथ झाली, हे यथाशक्ती सांगण्याचा संकल्प करून लेखणी हाती घेतली आहे. जे घडले ते बहुतांशी मनात घडले. सबब वाचकांनी थोडी सबुरी धरावी.

एकोणीसशे पासष्ट सालच्या कार्तिकातला तो शेवटचा सोमवार होता. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या पिठाच्या गिरणीतले काम आटोपून रघुजी जगताप बसच्या थांब्याकडे चालला होता, आणि कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलासमोर त्याचे पाऊल थबकले. हॉटेलाच्या फळ्या लावलेल्या होत्या. साडेपाचची वेळ, या वेळी तिथे कामगारांची रीघ असावयाची, दोशाच्या तव्यावर पाण्याचा शिपका बसून चर्र असा आवाज रस्त्यापर्यंत यावयाचा. आज तो आवाज नव्हता. फळीवर खडूने कानडीत लिहिले होते की, देशकार्यार्थ सोमवारी सायंकाळी उपाहारगृह बंद राहील. रघुजीला तेथे काही खावयाचे नव्हते, कारण सकाळपासून त्याचा उपवास होता. तरीही जिन्याच्या पायऱ्या संपल्या असताना आणखी एक आहे असे समजून पाऊल टाकावे आणि सबंध अंगाला हिसका बसावा, तसे त्याला झाले. सायंकाळी. तो शब्द त्याने दोनदा वाचला. काल सकाळी ज्या कागदावर त्याने सही केली होती त्यावरही हाच शब्द असणार, आणि तो त्याने वाचलाच नव्हता.

काल नरसिंहराव मास्तर कागद घेऊन दारात आले होते. मास्तर म्हणजे त्याच्या गवीपुरातल्या गल्लीचे शहाणपण. कुणाचे पत्र वाचायचे, कुणाचा अर्ज लिहायचा, सारे त्यांच्या पडवीत चाले. "रघुजीराव, सोमवारचं एक जेवण देशाला द्यायचं. पंतप्रधानांनी सांगितलंय. बाकीच्या पेठांनी दसऱ्यापासून धरलं, आपलीच गल्ली मागं राहिली." रघुजी हसून म्हणाला होता, "सोमवारचं? मास्तर, सोमवारी मी खातोच कुठं? मी उपास धरतो की." "मग तर प्रश्नच मिटला! त्यातून जवानाचा बाप. तुमचं नाव पहिलं." आणि रघुजीने मोठ्या अक्षरांत सही ठोकली होती. तो कागद आज सकाळी वाचनालयाच्या भिंतीवर लागला. पण सोमवार धरायचा तो संध्याकाळी सोडण्यासाठी, हे सांगायचे राहूनच गेले. दिवसभर कोरडे राहायचे, दिवेलागणीला महादेवाला नैवेद्य दाखवायचा आणि जेवून सोमवार सोडायचा. न सोडलेला सोमवार हा सोमवारच नव्हे. देशाने मागितले होते ते नेमके तेच जेवण. ज्याला ते देणे सर्वांत अवघड, त्याने सर्वांच्या आधी ते देऊन टाकले होते.

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. मल्लेश्वरमची झाडे मागे सरू लागली, आणि त्याचे मन नेहमीप्रमाणे आपल्या उजव्या हाताकडे गेले. हा हात गेली सात वर्षे परदेशी गहू ओळखत आला होता. मद्रासच्या बंदरातून रेल्वेच्या वाघिणी भरून यावयाच्या, रघुजी पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून मूठभर दाणे बाहेर काढावयाचा, तळव्यावर फिरवून, एक दाणा दाताखाली धरून सांगावयाचा: हा ओला, हा जुना, हा चांगला. अमेरिकेचा गहू लालसर, अंगाने टणक. त्याला दूरच्या समुद्राचा काही एक वास असतो असे रघुजीला वाटे, पण हसतील म्हणून तो कुणाला सांगत नसे. भाद्रपदात लढाई पेटली आणि वर्तमानपत्रांत आले की त्या देशाने मदत रोखली आहे, दोन्ही भांडणाऱ्यांची; गव्हाचा करारही आता वर्षाचा होत नाही, महिन्यामहिन्याचा होतो, म्हणजे पुढच्या महिन्याचे ताट आपल्या वागणुकीवर ठरेल. लढाई थांबून दोन महिने होत आले, तरी तो हात आखडलेलाच होता. गेल्या आठवड्यात गिरणीच्या रुळांवर तीन दिवस एकही वाघीण आली नाही. रघुजीची सळई भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तळव्याला दाण्यांची सवय असल्यामुळे त्याचा हात खिशात उगाच चाळा करीत राहिला.

गिरणीत त्याच्याबरोबर पोती शिवणारा देवाप्पा निपाणीकडचा होता. त्याला गप्प बसवत नसे. "रघुअण्णा, गहू त्यांचा, पण पोट तर आपलंच न्हवं? ते म्हणणार, लढू नगा, न्हाईतर ताट काढून घेतो. आमच्या सासऱ्याचं असंच हाय. जावई ऐकंना झाला की पंगतीत ताक वाढायचं बंद. म्हणून काय मी ऐकायलोय?" सगळे हसले होते. रघुजी हसला नाही. देवाप्पाला त्या देशाचा राग येत होता, आणि तो राग येणे सोपे होते. रघुजीला मात्र तो देश फार ओळखीचा वाटला. कुणा अनोळखी माणसाने आपलाच सदरा घालून समोरून यावे, तसा. ज्याचे पोट आपण भरतो त्याचे मनही आपल्या मुठीत आहे ही समजूत, ताट ओढून घेताना हाताला वाटणारे ते बळ, आणि त्या बळाखाली दडलेली भीती, हे सारे त्याने स्वतः भोगले होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चीनची लढाई होऊन गेली होती, जिकडेतिकडे पलटणीत भरती चालू होती. मानसिंग एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. रात्रीच्या जेवणात मुद्द्याचा, म्हणजे रागीच्या (नाचणीच्या) गोळ्याचा, घास सारात बुडवीत तो म्हणाला, "अण्णा, मी पलटणीत नाव देणार." रघुजीच्या घराण्यात शहाजीराजांच्या वेळेपासून तलवारीच्या कथा होत्या, आणि त्या कथांतली माणसे बहुतेक परत न आलेली होती.  त्याला भीती वाटली, आणि ती बाहेर पडली ती वेगळ्याच रूपाने. त्याने हात लांब करून मानसिंगसमोरचे ताट आपल्याकडे ओढून घेतले. "पलटणीचं नाव सोडशील तेव्हा या घरात ताट मिळेल." आवाज चढला नव्हता, चढला असता तर पुढे माघार घेता आली असती. बायकोला, सोयराबाईला, त्याने बजावले की आपल्याला विचारल्याखेरीज पोराला घासभरही वाढायचे नाही. पहिला दिवस गेला. त्याला वाटले, उद्या वाकेल. दुसऱ्या दिवशी कामावर रजा टाकून तो पुढच्या दारात बसून राहिला, आणि पोराच्या चेहऱ्यावर भुकेची खूण शोधत राहिला. ती काही दिसेना, उलट पोरगा शांतच. तिसऱ्या दिवशी पहाटे मानसिंग पाया पडला. "येतो, अण्णा." रघुजीने पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. दोन दिवसांचा उपाशी पोरगा रिकाम्या पोटी उंबरा ओलांडून गेला, हे चित्र तेव्हापासून त्याच्या डोळ्यांपुढून हलले नव्हते. पोटाला दिलेला चिमटा मनाला वाकवील असा त्याचा हिशेब होता. मन वाकले नाही, आणि चिमटा मात्र त्याच्याच हातात राहून गेला.

मानसिंगची पत्रे येत असत. भाषा मराठी, अक्षर कानडी, कारण शाळा कानडी झालेली. रघुजीला पाटीवरची ठळक कानडी अक्षरे लागत, लपेटीचे हस्ताक्षर लागत नसे, म्हणून मास्तर ती पडवीत मोठ्याने वाचीत. शेवटचे पत्र गणेशचतुर्थीच्या सुमारास आले, त्यानंतर लढाई, त्यानंतर काहीच नाही. दुसऱ्या गल्लीत एक तार आली होती. तिचा मजकूर सगळ्या गवीपुराला पाठ होता, आणि सायकलची घंटा वाजली की रघुजीची मान नकळत वळे. तेव्हा त्याने सोमवार धरला. संध्याकाळी आधी मानसिंगचा पाट मांडायचा, त्याचे ताट वाढायचे, क्षणभर थांबायचे, मग तेच ताट आपण घेऊन सोमवार सोडायचा. अकरा सोमवार झाले होते. जे ताट आपण थांबविले ते रोज नाही तरी आठवड्यातून एकदा वाढत राहिले तर तिकडे, बर्फाच्या की वाळूच्या त्या मुलखात, पोराचा श्वास चालू राहील, असा काहीसा सौदा त्याने देवाशी केला होता. तो मनातच केला होता. सोयराबाईला वाटे, बापाची माया आहे. आणि आज बारावा सोमवार. आज तेच ताट पुन्हा आपल्याच सहीने थांबायचे होते.

बसवनगुडीला उतरला तर रस्ता माणसांनी तुंबलेला. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. मोठ्या नंदीच्या देवळापासून दुतर्फा शेंगांचे ढीग, भाजक्या टरफलांचा धूर, पिपाण्या, पोरांची रडारड. त्या गर्दीत रघुजी विचार करीत चालला. सही मोडावी? दार लावून घरात कोण काय खातो ते भिंतीला कुठे दिसते? पण जवानाच्या बापाने पहिल्या नंबराची सही करून दाराआड जेवावे, हे मानसिंगला कळले तर? आणि सही पाळावी, तर ताट? आज ताट मांडले नाही आणि उद्या तार आली, तर पुढचे सारे आयुष्य कुठल्या तोंडाने काढायचे? पाय चालत होते म्हणून तो चालत होता.

"अण्णा, ओ जगतापअण्णा!" ढिगामागून हाक आली. यल्लव्वा, मागडीकडून दरवर्षी शेंगा घेऊन येणारी, आणि दरवर्षी मानसिंगच्या खिशात फुकट शेंगा कोंबणारी. कानडी वळणाच्या मराठीत ती म्हणाली, "पोरगा कुठं? मिशा किती वाढल्या त्याच्या?"

"पत्र नाही, यल्लव्वा."

"बरं आहे की. वाईट असलं की सरकार लगेच सांगतं, चांगलं सांगायला त्याला सवड नसते." तिने शेर भरून त्याच्या पिशवीत ओतला. "पैसे नको. तोंड असं कशाला केलंय, नंदी घाबरेल."

रघुजीला नाइलाजाने हसू आले. पण चार पावलांवर ते विरले.

घरी दिवा लागलेला होता. देवापुढे उदबत्ती होती. स्वयंपाकघरात मात्र चुलीत राख. पाट भिंतीला टेकून उभे. सोयराबाई उंबऱ्याशी बसून धुतलेले कपडे घड्या करीत होती. 

"ताट कुठं आहे?"

"कुठलं ताट? भिंतीवर नाव लागलंय तुमचं, पहिल्या नंबरला. सगळ्या बायका बघून आल्या. म्हणून मी चूलच पेटवली नाही. सोमवार सोडायला गंगाधरेश्वराचं तीर्थ आणून ठेवलंय. तेवढं महादेवाला समजतं."

"अगं, मानसिंगचं ताट!"

"त्याचंपण आज नाही."

"तू आई आहेस का कोण?"

"आई आहे म्हणूनच सांगते. स्वल्प बसा, पाणी प्या, मग ओरडा."

तो बसला नाही. जे तीन वर्षांत एकदाही ओठांवर आले नव्हते ते उभ्या उभ्या बाहेर पडले. "माझ्या हातानं एकदा त्याचं ताट बंद झालंय. दुसऱ्यांदा व्हायला नको. दोन दिवस उपाशी ठेवला मी त्याला. उपाशीच घरातून गेला तो. तेच त्याच्या मागं लागलंय, दुसरं काही नाही. म्हणून मी सोमवार धरलाय, समजलं? म्हणून ते ताट!"

सोयराबाईच्या हातातली घडी तशीच राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिले. आधी कीव, मग आश्चर्य, आणि मग तिने पदर तोंडाशी नेला. ती रडते आहे असे त्याला वाटले. ती हसत होती.

"उपाशी? माझ्या घरात? दोन दिवस?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी दोन्ही वेळा मास्तरांच्या पडवीत जेवला. अवरेकायीचं, पावट्याचं सारू होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढच्या दारात राखण बसलात ना, तेव्हा मागच्या दारानं परसात त्याला डबा गेला. रात्री मास्तरीणबाईंनी बोलावून नेलं. आणि निघाला त्या पहाटे त्यांच्याकडं तांदळाच्या पिठाच्या चार अक्की रोटी खाऊन मग तुमच्या पाया पडायला आला. चार! त्या अजून ऐकवतात मला."

"मास्तरांना माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्ही सोडून."

"आणि तीन वर्षं तू मला..."

"मानसिंगनं शपथ घातली होती. म्हणाला, आई, अण्णाला सांगू नको. त्याला वाटू दे की मी त्याच्या धाकात होतो, नाहीतर तो गल्लीत मान वर करणार नाही. आणि मला काय ठाऊक, तुम्ही हे उराशी धरून बसलाय? एकदा तरी बोललात?" तिचे हसू एकाएकी ओसरले. "अहो, एवढं होतं तर सांगायचं की."

रघुजी पाटाशिवायच जमिनीवर बसला. प्रथम संताप आला. साऱ्या गल्लीने आपल्याला वेड्यात काढले, मास्तरसुद्धा, रोज नमस्कार घालणारे मास्तर! मग त्या संतापाला बूडच नाही असे त्याच्या ध्यानात आले. पुढच्या दारात ताठ बसलेला आपण त्याला दिसलो, आणि मागच्या दाराने लगबगीने जाणारा झाकलेला डबा दिसला, आणि पोराच्या चेहऱ्यावरची ती शांती दिसली जिला तो तीन वर्षे हट्ट समजत आला होता. ते साधे भरलेले पोट होते. आणि त्याला हसू फुटले. दोघेही हसत डोळे पुसत राहिले. मग बऱ्याच वेळाने त्याला जाणवले की आपल्याला भूक लागली आहे, खरीखुरी, स्वच्छ भूक. आणि अकरा सोमवारांत ती एकदाही जाणवली नव्हती.

त्याने तीर्थ घेतले. थंडगार पाणी रिकाम्या कोठ्यात उतरत गेले तसतसे त्याचे विचारही खाली बसले. आजचे ताट कुणी ओढून घेतले नव्हते. ते आपण होऊन बाजूला ठेवले होते, आणि जे आपण होऊन बाजूला ठेवले त्याचा धाक कुणी कुणाला घालावा? त्याला त्या दूरच्या देशाचाही राग येईना. तिथेही कुणी रघुजी पुढच्या दारात ताठ बसला असेल, आपला धाक चालतो आहे की नाही हे लोकांच्या तोंडावर शोधीत. पण जिथे जिथे ताट थांबविण्याचा हुकूम सुटतो, तिथे मागच्या दाराशी कुणीतरी झाकलेला डबा घेऊन उभे असतेच. तिकडेही एखादी सोयराबाई असेल, बंदरावरचा एखादा हमाल असेल, शेतातला एखादा म्हातारा असेल, आणि पृथ्वी आजवर उपाशी मेली नाही ती काही राज्यकर्त्यांच्या कृपेने नव्हे. उद्या वाघीण येईल किंवा परवा येईल. न आली तर रागी आहे.

"आणि मानसिंग?" त्याने हळूच विचारले. विचारताना भीती होतीच, ती गेली नव्हती. पण आता ती नुसती भीती होती, तिच्यात स्वतःचा हात नव्हता.

"येईल," सोयराबाई घडी पुरी करीत म्हणाली. "पोट भरून गेलेलं पोर आहे ते."

रघुजीने कोनाड्यातले अंतर्देशीय पत्र काढले. आजवरची उत्तरे मास्तर लिहीत; तो फक्त सांगे: प्रकृतीस जपावे, साहेबांची आज्ञा पाळावी, थंडीत कानांस बांधावे. आज तो स्वतः लिहावयास बसला. अक्षर वाकडे येत होते, काना एकीकडे आणि मात्रा दुसरीकडे जात होती. 'चिरंजीव मानसिंगास अनेक आशीर्वाद', एवढे लिहून तो थांबला. बाहेरून जत्रेच्या पिपाण्या ऐकू येत होत्या. "काय लिहू?" त्याने विचारले. "मनात असेल ते," ती म्हणाली. या तीन वर्षांत एक साधा प्रश्न, जो कुठलाही बाप पहिल्या ओळीत विचारतो, तो त्याने मास्तरांना कधी सांगितला नव्हता; त्या प्रश्नाचा आपल्याला हक्क उरलेला नाही असे त्याला वाटत असे. आता त्याने लेखणी घट्ट धरली, ओठ मुडपले, आणि एकेक अक्षर सावकाश कोरीत लिहिले: 'बाळा, तिकडे वेळेवर जेवतोस ना?'

येथे ही कथा संपली. भाषेत न्यून दिसेल ते लेखकाच्या अल्प शिक्षणाचे समजून पोटात घालावे. ज्यांनी आपल्या कामाधंद्यातून सवड काढून शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केली, त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
मालोजी प्रतापराव माने
गवीपुर, बंगळूर